डावीकडची डबी

मला उघडू नका, नुसतं ऐका. मी केशराची डबी आहे. काचेची, बोटभर उंचीची, पितळी झाकणाची. पहाटे उमललेल्या जांभळ्या फुलांतून लाल काड्या एकेक करून खुडल्या, सुकवल्या आणि जपून माझ्यात भरल्या. एवढ्या निगुतीनं तर माणसं लग्नंसुद्धा जुळवत नाहीत! साहजिकच माझ्या अंगात थोडा तोरा आला. आता तो पार उतरलाय.

हे घर सुताराचं. पुढच्या खोलीत त्याचं काम चालतं, मागे स्वयंपाकघर. त्याला काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं, "दुखणार नाही, खुपणार नाही. नजर कडेकडेनं जाईल आणि गेलेली परत येणार नाही. थेंब रोज घालायचे, जन्मभर." तो घालायचा, पण तोंड वाकडं करून. थेंबांनी डोळे चुरचुरायचे.

एके दिवशी त्याचा मेव्हणा मला खिशात घालून आला.

"दाजी, कशाला ते पाणी डोळ्यांत ओतताय? केशर घ्या. नजर कशी लखलखीत होते बघा. मोबाइलवर वाचलंय मी, संशोधन झालंय."

"अरे, डॉक्टरांना विचारायला नको का?" सुताराची बायको म्हणाली.

"ताई, त्या कशाला सांगतील? त्यांचं दुकान बंद होईल ना!"

सुतार मनापासून हसला. त्याला हवं होतं तेच कुणीतरी बोललं होतं.

मेव्हणा अगदीच थापा मारत नव्हता. माझ्यावर अभ्यास होतात, ते खरं आहे. उदास मनाला, झोपेला, डोळ्यांच्या काही तक्रारींना माझा थोडाफार उपयोग होत असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण थेंब बंद करा आणि हिला घ्या, असं कुणीच म्हटलेलं नाही. मला विचारलं असतं तर मीही म्हटलं नसतं. डबीला विचारतंय कोण?

रोज संध्याकाळी माझ्या दोन काड्या कोमट दुधात पडू लागल्या. थेंबांची बाटली भिंतीवरच्या फळीवर मागे मागे सरकत गेली. मी मात्र कामाच्या बाकावर, त्याच्या डाव्या हाताशी. "डोळे कसे थंडगार वाटतायत!" तो येईल त्याला सांगायचा. थेंबच नाहीत तर चुरचुरणार काय?

मग काही महिन्यांनी त्याचा डावा खांदा दाराला आपटू लागला. "कुणी केली ही एवढी अरुंद चौकट?" तो खेकसला. चौकट त्यानंच केली होती. बायको खो खो हसली. मला हसू आलं नाही.

त्याच्या कोपराचा धक्का लागून खिळ्यांचा डबा खाली सांडला. एकदा फळी उचलून तो गर्रकन वळला आणि फळीचं टोक बायकोच्या कानाजवळून गेलं.

"अगं, चोरपावलांनी काय येतेस?"

"मी केव्हाची इथंच उभी आहे की," ती हसत म्हणाली आणि त्याच्या डोळ्यांकडे निरखून बघू लागली.

यंत्राची करवत सुरू झाली की माझ्या काचेला कंप सुटतो. लांब फळी कापताना बायको डावीकडून ती धरून उभी राहते. तिची बोटं पात्यापासून फार लांब नसतात. तो समोर बघत फळी पुढे ढकलतो. अशा वेळी मला ओरडावंसं वाटतं. काचेला कुठून आलाय आवाज!

आज त्यानं हाक मारली, "अगं, डबी कुठं ठेवलीस?"

मी त्याच्या डाव्या कोपराशीच होते. बायको दारात आली. तिनं मला पाहिलं, मग त्याला पाहिलं.

"तुमच्या हाताशीच आहे ना."

"इथं काही नाही."

ती हळूच त्याच्या बाजूला आली. "समोर बघा, मान हलवू नका," म्हणाली. माझ्या झाकणावर बोट ठेवून तिनं मला बाकावरच्या भुशातून उजवीकडे सरकवलं.

"दिसली?"

"काय?"

आणखी सरकवलं. "आता?"

"अगं, काय खेळ लावलायस?"

मी जवळजवळ त्याच्या छातीसमोर आले, तेव्हा तो म्हणाला, "ही काय! कुठून काढलीस?"

तिनं त्याची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. भुशात माझी लांबलचक रेघ उमटली होती.

"एवढी गेलीय तुमची नजर," ती म्हणाली.

तो रेघेकडे बघत राहिला. मग त्यानं लहान मुलासारखं विचारलं, "परत येईल ना?"

तिनं करवतीचा प्लग उपटला. भिंतीवरच्या फळीवरून थेंबांची बाटली काढली, तिच्यावर धूळ बसली होती. "ही जुनी झाली. चपला घाला, डॉक्टरीणबाईंकडे जायचंय," एवढंच म्हणाली.

तुम्हाला हात जोडते, म्हणजे हात असते तर जोडले असते. मला दुधात घाला, माझा रंग बघा, वास घ्या. पण कुणाच्या औषधाच्या जागी मला बसवू नका. ती जागा मला पेलत नाही.

दोघं आत्ताच बाहेर पडले. उंबऱ्याशी तो थबकला, हात पुढे करून चाचपडला.

"अगं, तू माझ्या डाव्या बाजूनं चाल."

ती डाव्या बाजूलाच उभी होती.