वास्ते खाणारी मंडळी

"हात लावायचा नाही म्हणजे नाही, काका! तो नेटिव्ह आहे!" मृणालिनीताई ओढ्याच्या काठावरून ओरडल्या.

नंदूकाकांनी विळा पाठीमागे दडवला. "नेटिव्ह म्हंजे?"

"इथलाच, मूळचा बांबू. सोसायटीचा रूल आहे, नेटिव्ह झाड कट करायचं नाही."

"इथलाच हाये म्हून काय झालं, बाई? घरचंच पोट्टं माजलं तं परक्याहून जास्त नुकसान करते."

सोसायटी अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटातली आणि तिच्या बागसमितीच्या अध्यक्ष मृणालिनीताई मूळच्या पुण्याच्या, म्हणजे नियमाला दोन कुलपं. नंदूकाका गडचिरोलीकडचे. जन्म बांबू तोडण्यात गेलेला. सहा महिन्यांसाठी मुलीकडे, गिरिजाकडे आलेले.

भांडण बांबूवरून दिसत होतं, पण होतं गुडघाभर रोपावरून. गिरिजाची आई मागच्या वर्षी गेली. दर उन्हाळ्यात ती रानात तेंदूपत्ता तोडायची. ते तेंदूचं, म्हणजे टेंभराचं झाड इथं कुठून मिळणार? म्हणून गिरिजानं सोसायटीला विचारून त्याची अमेरिकेतली चुलतबहीण, पर्सिमन, आईच्या नावानं ओढ्याकाठी लावली होती. भोवती बांबूची दाटी. वर पानांचं छप्पर, खाली पाल्याची गादी, मध्ये हे रोप. पानं चार, तीही पिवळी. त्यात एप्रिल लागला आणि चहूबाजूंनी नवे कोंब उसळले. महिन्याभरात उरलंसुरलं ऊनही जाणार होतं.

गिरिजाची पीएचडी याच विषयावर होती. उष्ण प्रदेशातल्या जंगलात तिथलाच बांबू माजला की बाकीच्या झाडांचं काय होतं. चार वर्षं, दोनशे बारा पानं.

"काय लिवलं त्यात?" काकांनी विचारलं.

"खाली ऊन पोचत नाही, बाबा. दुसरी रोपं उगवतात, पण वाढत नाहीत. पण काही ठिकाणीच तो इतका का माजतो, ते..."

"खाणारं कोणी उरलं नाही म्हून. आपल्याकडं गवा खाते, साळिंदर खाते, आपण खातो. इथं कोन खाते?"

एवढं म्हणायला गिरिजाला एकशे चाळीस पानं लागली होती.

काका तडक मृणालिनीताईंच्या दारात गेले. "बाई, तोडाचं नाही ना? खाचं चालते का?"

ताईंनी फोनवर नियमावली उघडली. वाळलेलं काढायला हरकत नव्हती. घरच्या स्वयंपाकापुरतं हातानं खुडायलाही नव्हती. कलम ब्लॅकबेरीसाठी लिहिलेलं, पण कलम ते कलम.

"टेक्निकली... अलाउड आहे," त्या कष्टानं म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ओढ्यावर सतरा आईवडील जमले. मुलांकडे आलेले, टीव्हीला विटलेले. आधी वाळलेले बांबू ओढून काढले, मग कोंबांवर मोर्चा वळला. काका पुढं होऊन शिकवत होते, "मुळाशी धरा, वाकवा, कट्ट! आमच्याकडं याले वास्ते म्हंतेत. दोनदा उकडा, पाणी फेका, मंग हरभऱ्याची डाळ घालून भाजी."

"मला बीपी आहे हो," नागपूरचे उल्हासराव म्हणाले. "चालते ना?"

"गव्याले कोणी विचारलं होतं काय, बीपी हाये का म्हून?"

"अहो, पण गव्याला तुमच्या वहिनी नसतात!"

दुसऱ्या शनिवारी मंडळी डबे घेऊन आली. तिसऱ्या शनिवारी मृणालिनीताई वही घेऊन पाहणीला आल्या. कोंब मोजायचं सोडून भाजीच्या पातेल्यापाशीच थबकल्या.

"समितीला खात्री करून घ्यावी लागते, काका. स्वयंपाकासाठीच आहे ना ते."

"घ्या ना, बाई."

दोन वाट्या झाल्या. काकांनी डाव उचलला. "खात्री अजून वाढू काय?"

"अर्धी," ताई म्हणाल्या.

चौथ्या शनिवारी भरदुपारी काका तोंडातला घास तसाच ठेवून उभे राहिले. बांबूच्या छपराला भोक पडलं होतं आणि भाकरीएवढं ऊन थेट त्या रोपावर उतरलं होतं. शेंड्याला एक हिरवं पान फुटलेलं.

"गिरिजे!"

गिरिजा उजेड मोजायचं यंत्र घेऊन धावत आली आणि रोपाशी गुडघे टेकून बसली. यंत्र नव्या पानाशी धरलं. आकडा काही तिला वाचवेना.

"थांबा बाबा, रीडिंग घेते," ती खाली बघतच म्हणाली.

"घे ना, सावकाश घे," काका म्हणाले. "पण जराशी बाजूले हो, पोरी. तुहीच सावली पडून रायली तिच्यावर."