केळव्याच्या विहिरीखालचे कडे

मी एक जुने जांभळाच्या लाकडाचे कडे आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही. केळव्याच्या एका सुपारीच्या वाडीत, विहिरीच्या अगदी बुडाशी, वाळूत मी बसले आहे. दगडी भिंतीचा सगळा भार माझ्यावर आहे.

वाळूत नुसता खड्डा खणला तर तो ढासळतो. म्हणून सुतारांनी मला चाकासारखे गोल घडवले, खालची कड तासून धारदार केली आणि वाळूवर ठेवले. गवंडी माझ्यावर दगड रचत, खणणारे आतली वाळू उपसत आणि मी भिंतीसकट हळूहळू खाली उतरत असे. जरा कलले, की उंच राहिलेल्या बाजूची वाळू आधी काढत. वाळूला आवरण्याची ही विद्या माझ्याहून फार जुनी. प्राचीन नगरांत तर भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून विहिरी बांधत.

पाण्यात बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पोहऱ्याने पाणी काढले, त्याच्या गोडीचे कौतुक केले. माझी आठवण कोणाला नव्हती, पण मी निवांत होते.

गेल्या उन्हाळ्यात वाडीचे मालक प्रफुल्लभाऊ यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि मोठी मोटर बसवली. तासाभरात विहीर तळाला जाई. मग बाहेरचे पाणी माझ्या खालून जोराने आत घुसे आणि वाळू घेऊन येई. एका बाजूने मी खचू लागले. आणखी खचले असते, तर विहीर कोसळली असती. समुद्राजवळच्या त्या वाडीत गोडे पाणी दुसरीकडे नव्हते.

गाळ काढायला मनोरकडचा सुका नावाचा विहीर-कामगार आला. बादलीतली वाळू त्याने बोटांत चोळून पाहिली.

"भाऊ, मोटर बंद करा. विहीर खचते हाय."

"अरे, गाळ हाय तो. निघू दे की!"

"गाळ काळा असतो. ही पिवळी हाय, पायाखालची."

"मग मोठे धोंडे टाकू. बसेल गप."

"धोंड्यांच्या फटीतून वाळू येणारच. चाळणीतून रवा पडतो का नाय?"

काठावर उभ्या असलेल्या भाऊंच्या पत्नी तेजलवहिनी हसल्या. "यांना चाळणी कुठे ठाऊक? आमी सांगून थकलो. बंद करा ती मोटर!"

भाऊंनी बटण दाबले. सुका खाली उतरला. त्याने आधी जाड रेती पसरली, तिच्यावर बारीक खडी, मग गोटे. खालच्या थराचे कण वरच्या थराच्या फटींतून निसटेनात; पाणी येत राहिले, वाळू अडली. पुढे मोटरही लहान आली.

मी मात्र चार बोटे कललेलेच आहे. आता मला कोणी सरळ करू शकणार नाही. मित्रांनो, तुमच्या विहिरीतून पाण्याबरोबर वाळू वर येऊ लागली, तर उपसा थांबवा. खाली कोणीतरी भार धरून उभे आहे.