शेडच्या भिंतीवरचा नंबर

"भिंतीवरची अक्षरं पुसून टाक. एकच तुकडा शंभर ठिकाणी लागतो. त्यावर खूण राहिली तर शंभर ठिकाणी दिसेल," असं मुकुलनं ब्राह्मीला तेव्हाच बजावलं होतं.

मुकुल पुण्याच्या कंपनीत तिचा वरिष्ठ. ती साताऱ्यात घरी बसून, तापानं किरकिरणारी लेक ओवी मांडीवर घेऊन, व्हिडिओ गेमसाठी भिंती, दारं, पत्रे बनवायची. तेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडले की अख्खी वस्ती उभी राहायची. या भिंतीचे फोटो तिनं तासगावला, गावाबाहेर मामी एकटी राहते त्या बेदाणा शेडवर जाऊन काढले होते. ओघळलेला चुना, गंधकाचे पिवळट डाग, त्यावर काळ्या ऑइलपेंटनं 'शेड भाड्यानं मिळेल' आणि खाली मोबाईल नंबर. पुसायला गेलं की डागही मरायचे. शिवाय आकडे मराठी. बंदुका चालवणारी पोरं मराठी आकडे कशाला वाचतायत, असं म्हणत तिनं भिंत तशीच पाठवून दिली.

पोरांनी वाचले. गेममध्ये ती वस्ती गुंडांचा अड्डा होती आणि घराघरावर गुणमाला मामीचा नंबर. कुणीतरी तो लावून पाहिला, पलीकडून खरीखुरी म्हातारी बोलली, त्यानं ते रेकॉर्ड करून पसरवलं. मग फोनची रीघच लागली. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी जैन मामी, आणि तिला विचारायचे, आज किती मुडदे पाडले? तिनं फोन ठेवला की दुसरा शिव्या घालायला तयार. एकानं तर शेड पेटवायला येतो म्हणून सांगितलं.

कंपनीनं भिंत बदलली, पण रेकॉर्डिंग फिरतच राहिलं. शेवटी ब्राह्मी ओवीला घेऊन एसटीनं तासगावला गेली आणि दारात उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. मामीनं 'आत ये, बस' म्हटलं नाही.

"म्हंजे त्या दिवशी फोटू काढत हुतीस, ते ह्यासाठी? आन मी तुला च्या करून देत हुते."

"नंबर बदलू या, मामी. मी सगळं करून देते."

"तुझ्या मामाचा नंबर हाय त्यो. वीस वर्सं यापारी त्याच्यावर बोलत्यात. चूक तू करायची आन नंबर मी बदलायचा व्हय? माझ्या शेडात माणसं मारायचा खेळ मांडलास तू. पोरीला ऊन लागतंय, जा आता."

आणि दार लावून घेतलं. भाचीच्या तोंडावर मामीनं दार लावलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

त्याला आता नऊ दिवस झाले. सहा दिवस फोन नुसता वाजत होता, तीन दिवस बंद लागतोय. हंगाम संपल्यानं आजूबाजूच्या शेडांना कुलपं आहेत. मामा गेलेला, मामीला मूलबाळ नाही. आणि ब्राह्मी पुन्हा गेली तर दार उघडायचं नाही, हे तिला ठाऊक आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच ती विनवते. तासगावला जाणं झालं, तर ऊन कलायच्या आत गावाबाहेरच्या त्या शेडवर जा. ब्राह्मीचं नाव काढू नका, गेमचं तर नाहीच. शेड भाड्यानं हवंय म्हणा आणि मामी जेवते का, धड आहे का, तेवढं बघा. हाका मारूनही दार उघडलं नाही, तर तिथून हलू नका. चार माणसं बोलवा आणि दार उघडा.