बेनिताच्या बापाचं नाव

त्या सकाळी मी ताईच्या घरी गेलो तेव्हा बेनिता रांजण घोटत बसली होती. घोटणाऱ्या बाईशी बोलायला जाऊ नये एवढी अक्कल मला साठीत तरी असायला हवी होती.

लेप ओला असतो तोवरच दगड फिरतो. एकदा सुरुवात केली की उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, दारात खुद्द गावचा गव्हर्नर आला तरी मान वर करायची नाही. मध्येच हात थांबला की तिथे डाग पडतो, आणि मग सगळा लेप पुसून पहिल्यापासून सुरुवात. रांजण मोठा होता, बसलेल्या बेनिताच्या हनुवटीपर्यंत येणारा. मांडीवर फडकं टाकून तिनं तो आडवा धरला होता आणि गुळगुळीत दगड सरसर फिरवत होती. माझी थोरली बहीण युफेमिया खिडकीशी खाटेवर, शाल गुंडाळून.

"गळ्यापाशी सुकतंय बघ," ताई म्हणाली.

"बघतेय, आई."

"बघतेयस कुठे? मला इथून दिसतंय ते तुला मांडीवर दिसत नाही?"

"मग ये, तूच घोट!"

ताई हसली आणि हसता हसता खोकायला लागली. चाळीस वर्षं मातीत मिसळायची पांढरी राख चाळून चाळून ती धूळ तिच्या छातीत बसली होती. हिवाळा निघाला तर नशीब, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ताईला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

"उभा का, सिप्रियानो?" खोकला थांबल्यावर तिनं विचारलं. "चांगली बातमी असली की तू आधी चुलीवर काय आहे ते बघतोस. आज पातेल्याकडे वळूनही बघितलं नाहीस. बोल."

मी गावच्या कौन्सिलवर होतो, गव्हर्नरबरोबर गावाचा कारभार बघणाऱ्या बाराजणांतला एक. बोलणं भाग होतं.

"मातीच्या टेकडीवर बेनिता एकटी गेली होती म्हणे, बादली घेऊन. कुणीतरी पाहिलं. तू बरोबर असायचीस तोवर कोणी काही म्हणालं नाही. पण आता... गावच्या यादीत जिचं नाव नाही तिनं टेकडीवर पाय ठेवायचा नाही, असं काल ठरलं."

बेनिताचा दगड थांबला नाही. फक्त तिचे ओठ घट्ट मिटले.

"आणि घर?" ताईनं विचारलं.

मी खाली बघितलं. घरांची जमीन गावची. यादीत नसलेल्याला घर मिळत नाही.

आता हा नियम काय ते सांगतो, म्हणजे आमची लायकी कळेल. गावच्या पुरुषानं बाहेरची बायको केली तर मुलं गावची. गावच्या बाईनं बाहेरचा नवरा केला तर मुलं परकी. माझ्या बापाच्या वेळेस झालेला ठराव, आणि आम्ही तो देवानं दिल्यासारखा जपला. ताईनं हॅरिसन त्सोशी लग्न केलं. तो नवाहो, म्हणजे दुसऱ्या जमातीचा, रेल्वेचे रूळ बसवणारा. अठरा वर्षं आमच्यात राहिला. दर वसंतात आमच्या खांद्याला खांदा लावून पाटातला गाळ उपसला. मेला तेव्हा मात्र त्याला पुरायला त्याच्या माणसांकडे पाठवलं. बेनिता इथंच जन्मली. आमची भाषा अशी बोलते की म्हाताऱ्या बायका तिला अडलेले शब्द विचारतात. चोवीस वर्षांची झाली, पण यादीत नाव नाही.

आणि माझं? मी ओहायोची गोरी डोरोथी करून आणली. बाई सोन्यासारखी आहे, त्याबद्दल बोलत नाही. पण आमचा रूडी! निळ्या डोळ्यांचा, आमच्या भाषेतले सहा शब्द येणारा, त्यातले चार खाण्याचे. मातीला हात लावायचा त्याला कंटाळा. तो मात्र पक्का गावचा. अख्खी टेकडी खणून नेली तरी त्याला कोणी विचारणार नाही. ताईच्या मागं तिचं घरही त्यालाच मिळणार होतं, जवळचा वारस म्हणून.

त्या रात्री जेवताना डोरोथीनं मला एकच प्रश्न केला. "मी लग्न करून इथली झाले, आणि ती जन्मून झाली नाही?" मी भाकरी मोडत राहिलो.

पण मी अगदीच निगरगट्ट नव्हतो हो. मी विचार केला. आणि मला एक युक्ती सुचली, तीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक.

सेवेरो नावाचा माझा एक मित्र होता. बिनलग्नाचा राहिला, पुढे घोड्यावरून पडून गेला. तरुणपणी ताईच्या दाराशी फार घुटमळायचा, साऱ्या गावाला ठाऊक. ताईनं कौन्सिलसमोर एवढंच म्हणायचं, की बेनिता नवऱ्याची नाही, सेवेरोची. सेवेरो गावचा, म्हणजे मुलगी गावची. मेलेला माणूस काही तक्रार करायला येत नाही. मी गव्हर्नरच्या कानावर घातलं. तो चांगला माणूस, त्याला बेनिताची कणव होती. म्हणाला, "बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर लिहून टाकू. मग विषय संपला."

ठराव बदला म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. खोटं लिहायला मात्र सगळे तयार!

ताईला सांगितलं तेव्हा ती मक्याचे दाणे निवडत होती. हात थांबले.

"हॅरिसनच्या पाठीमागं मी असलं काही केलं, असं म्हणू?"

"म्हणायचं फक्त, ताई. केलंस असं कोण मानणार आहे?"

"सगळे मानतील," ताई म्हणाली. "बायकांच्या बाबतीत असलं काही ऐकलं की लोक लगेच मानतात, तुला माहीत नाही का?" मग तिनं खिडकीतून बाहेर अंगणात बघितलं. तिथे बेनिता भाजायच्या जागेवर शेणाच्या वाळल्या गोवऱ्या रचत होती. "पण माझ्यानंतर ती कुठे जाईल रे? माती नाही, छप्पर नाही. या हातांना दुसरं येतं काय? सांगते मी. बेनिताला आधी कळू देऊ नकोस."

कौन्सिलच्या खोलीत बायका सहसा येत नाहीत. ताईला मी आणि रूडीनं खुर्चीसकट आत नेलं. बेनिता मागोमाग आली. आईला कागदावर सही करायची आहे एवढंच तिला माहीत होतं. शेगडी पेटलेली होती. बाराजण भिंतीशी बाकांवर. गव्हर्नरनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "युफेमिया, या मुलीचा बाप कोण?"

ताईनं श्वास घेतला. "सेवेरो," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक, की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं "काय? कोण?" असं विचारलं आणि तिला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

बेनिता आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मामा, हे तू बोलायला लावलंस तिला?"

"तुझ्याच भल्यासाठी, पोरी..."

"गप्प बस!" मला. सख्ख्या मामाला, भर कौन्सिलमध्ये. आणि मी गप्प बसलो.

"माझा बाप हॅरिसन त्सो," ती म्हणाली. "तुमच्यातल्या प्रत्येकानं त्याच्याबरोबर गाळ उपसलाय, त्याच्या पिशवीतली तंबाखू ओढलीय. सेवेरोकाकांचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. ते बिचारे मेलेत म्हणून मला त्यांच्या गळ्यात बांधताय?"

"मुली, एका वाक्याचा प्रश्न आहे," गव्हर्नर म्हणाला. "घर राहील, टेकडी राहील. कशाला हट्ट करतेस?"

"खोटा बाप सांगितला की मी तुमची, खरा सांगितला की परकी. बरं. मग माझ्यात कमी काय आहे ते सांगा. आई तीच, बोली तीच, हात हेच. खोट्यानं माझ्यात काय भर पडते ते एकानं तरी सांगा!"

शेगडीत लाकूड तडतडत होतं.

"ती मरायला टेकलीय," बेनिताचा आवाज फुटला. "आयुष्यभर तुमच्या गावाचं नाव तिनं मडक्यांच्या बुडाशी कोरलं. पाहुणे येतात ते तिची मडकी बघायला. आणि जाता जाता तिला स्वतःच्या तोंडानं स्वतःला बदफैली म्हणवून घ्यायला लावताय? लाज वाटू द्या! मला नको तुमची टेकडी. चल, आई."

ताई रडत होती. पण खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत तिनं मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "हॅरिसनची आहे ती. लिहा. हॅरिसनचीच." एवढं मोठ्यानं ती गेल्या वर्षभरात बोलली नव्हती.

बेनितानं आणि रूडीनं ताईला खुर्चीसकट बाहेर नेल्यावर गव्हर्नरनं विचारलं, ठराव आहे तसाच ठेवायचा ना? हात वर झाले. अकरा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग बारावाही झाला. तो माझा.

ताई जानेवारीत गेली. तिला चर्चमागच्या आमच्या दफनभूमीत पुरलं. ती गावची होती, त्यामुळे तिला जागा होती. सुतकाचे चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी घर रूडीच्या नावानं झालं. "तिला राहू दे की, मला काय घाई आहे," असं रूडी म्हणाला, पण कौन्सिलचा कागद निघाला होता. यादीबाहेरचं माणूस घरात राहिलं तर रूडीचाही हक्क जाणार होता.

मी गेलो तेव्हा बेनिता अंगणात होती. पत्र्याचा मोठा टब पाण्यानं भरलेला. शेजारी अकरा मडकी रांगेनं, घोटून चकचकीत केलेली, फक्त भाजायची राहिलेली. तो मोठा रांजणही त्यात होता. तिनं एक छोटा घडा उचलला आणि पाण्यात सोडला.

"अगं, काय करतेस!"

"गावच्या टेकडीची माती आहे, मामा. चोरीचा माल नेला असं कुणी म्हणायला नको."

न भाजलेलं मडकं पाण्यात फार वेळ टिकत नाही. आधी कडा ढासळते, मग पोट फुगतं आणि बसतं. मी बघत उभा राहिलो. डोरोथी आली, तिनं तोंडावर हात धरला, मग काही न बोलता बाह्या सरसावून बेनिताच्या शेजारी बसली. रांजण जड होता, तो त्या दोघींनी मिळून बुडवला. दुपारपर्यंत टबात नुसता चिखल उरला. बेनितानं तो बादल्यांत भरला आणि टेकडीच्या कुंपणापाशी ओतून आली. कुंपणाच्या आत पाय ठेवला नाही तिनं. मग गाडीत दोन पिशव्या टाकल्या आणि अल्बुकर्की शहराकडे निघून गेली.

तिथे ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. दुकानातली पिशवीबंद माती तिनं एकदा आणून पाहिली. "हाताला ओळखच देत नाही गं ती माती, मामी," असं तिनं डोरोथीला फोनवर सांगितलं. ताईच्या मडक्यांच्या खोलीत रूडीनं गाडीची जुनी टायरं ठेवली आहेत. मोठे रांजण आता गावात कोणीच घडवत नाही. पाहुणे येतात, विचारतात, आणि आम्ही छोट्या वाट्या पुढे करतो.

नोव्हेंबरात मेलेल्यांचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांसाठी थडग्यावर जेवण नेतो. दफनभूमीच्या फाटकावर पाटी असते, बाहेरच्यांना प्रवेश नाही, नाहीतर लोक कॅमेरे घेऊन घुसतात. फाटक सांभाळायचं काम यंदा तरुणांकडे होतं, त्यात रूडी.

बेनिता आली. काळा रुमाल, हातात टोपलीत पाव आणि झाकलेलं मिरच्यांचं कालवण. मी दहा पावलांवर होतो.

रूडी लाल झाला. "बेनिता, सॉरी गं... मला सांगितलंय, यादीत नसलेल्या कुणालाच..."

ती त्याला आमच्या भाषेत काहीतरी म्हणाली. हळू आवाजात, न रागावता. रूडीला कळलं नाही. तो माझ्याकडे वळला.

"बाबा, काय म्हणतेय ती?"

साऱ्या बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. आणि माझ्याच मुलाला, गावच्या पक्क्या माणसाला, गावची भाषा मला समजावून सांगावी लागली.

"म्हणतेय, आईसाठी जेवण आणलंय. गार होतंय."

रूडीचा हात अडसरावर होता, तो त्यानं काढून घेतला. अडसर मी उचलला. बेनिताच्या हातातली टोपली घेतली आणि तिच्याबरोबर ताईपर्यंत चालत गेलो. मागून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. मी वळलो नाही. ती थडग्यापाशी बसली, कालवणावरचं फडकं काढलं आणि आईला पाटाच्या पाण्यापासून इस्पितळाच्या चादरींपर्यंत सगळं सांगत बसली. मी उभाच होतो. कोणत्या तोंडानं बसणार?

रविवारी कौन्सिलनं मला बोलावलं आहे. कुणाच्या परवानगीनं आत नेलंस, असं विचारतील. सांगेन, तिला तिच्या आईकडे जायला परवानगी लागत नाही. मग ठराव रद्द करा अशी मागणी मांडेन. अकरा विरुद्ध एक पडेल. पुढच्या वर्षी पुन्हा मांडेन, त्याच्या पुढच्या वर्षीही. एखाद्या वर्षी दोन हात होतील. पण ताईला त्याचा काही उपयोग नाही, आणि बेनिताची चोवीस वर्षं परत द्यायला माझ्याकडे काही नाही.

लोक मला म्हणतात, सिप्रियानो, तू तर तिचा मामा, तू मदत करायला गेला होतास. नाही. मदत करायची असती तर मी हात खाली ठेवला असता. तो वर गेला तेव्हा त्याला कोणी धरलं नव्हतं. तुमच्या घरात, तुमच्या गावात कोणती मुलगी परकी ठरते ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या घरातली मी स्वतः बाहेर काढली.