धुराच्या बाजूची जागा

मी शेकोटी बोलतेय. घरामागच्या अंगणातली, दगडी, गोल. जरा जवळ येऊन ऐका. राखेनं घसा धरलाय आणि हल्ली बोलायचाही कंटाळा येतो.

माझा जन्म कागदावर झाला. या घरातले बाबा इमारतींचे नकाशे काढायच्या कचेरीत होते. निवृत्त झाले आणि दिवसभर आईंच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू लागले. शेवटी आईंनीच त्यांना अंगणात पिटाळलं. "काय मापं घ्यायची ती तिकडे घ्या," म्हणाल्या. दोन्ही मुलगे आपापली बिऱ्हाडं थाटून वेगळे राहत होते. रविवारी संध्याकाळी तरी चौघांनी एकत्र बसावं, एवढ्यासाठी बाबांनी मला आखलं.

गवंड्यानं खड्डा खणला, तळाशी खडी घातली, आतून भट्टीच्या विटा आणि बाहेरून खाणीतला दगड लावला. तिथवर सगळं शहाण्यासारखं झालं. पण बाबांना बसायच्या जागाही दगडाच्याच हव्या होत्या, सिमेंटनं पक्क्या केलेल्या. त्यांनी एकेकाला खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतची उंची मोजली आणि चौघांच्या चार बैठका करून घेतल्या. "ज्याची त्याची जागा ठरलेली बरी," म्हणाले. वाऱ्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

संध्याकाळी वारा कुंपणावरून येतो आणि माझा सगळा धूर धाकट्याच्या बैठकीवर नेऊन सोडतो. पहिल्या रविवारी सगळे हसले. "धूरसुद्धा लाडक्याकडेच जातो बघ," थोरला म्हणाला. पुढच्या रविवारी धाकट्यानं नाकाला रुमाल बांधला. त्याच्या पुढच्या रविवारी तो उठला आणि आईंच्या मागे जाऊन उभा राहिला.

"जागेवर बस," बाबा म्हणाले. "तुझ्या मापाची केलीये ती."

"बाबा, डोळे चुरचुरतायत. इथे उभा राहिलो तर काय बिघडलं?"

"प्रत्येक गोष्ट तुझ्याच मनासारखी व्हायला हवी का?"

"माझ्या मनासारखी?" धाकट्याचा आवाज चढला. "शाळा तुम्ही ठरवलीत, नोकरी तुम्ही ठरवलीत. आता डोळ्यांत धूर किती घ्यायचा, तेही तुम्हीच ठरवणार?"

थोरला उगाच काठीनं निखारे ढोसत राहिला. बोलायचं सुचेनासं झालं की माणसं माझ्या पोटात काठी खुपसतात. धाकटा त्या दिवशी गेला तो परत आला नाही. थोरल्यालाही मग रविवारी कामं निघू लागली.

माझ्यात पाला साचला, पावसाचं पाणी तुंबलं. आई धाकट्याच्या बैठकीवर पायपुसणी वाळत घालायच्या. कुणी विचारपूस केली नाही. मला वाटलं, संपलं आपलं.

एका संध्याकाळी बाबांनी पाला उपसला, मला पेटवलं आणि पायपुसणं बाजूला सारून स्वतः धाकट्याच्या जागी बसले. धूर थेट तोंडावर गेला. खोकले, पण उठले नाहीत. बराच वेळ डोळे पुसत होते. त्यातलं धुरामुळे किती, ते मला विचारू नका. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर आले.

"अहो, गवंड्याला तरी बोलवा," आई म्हणाल्या.

"माझा हट्ट होता, मीच काढतो."

अंगठा ठेचला, तरी चारही बैठका उखडल्या. त्या घावांनी माझे सांधे खिळखिळे झाले, कडेला तडा गेला. मग त्यांनी धाकट्याला फोन लावला. "दगड काढलेत. आता कुठेही बस." पलीकडून तो काय बोलला, कळलं नाही. "बरं, बरं. सवडीनं ये," म्हणून बाबांनी फोन ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी मी पेटते. भोवती प्लॅस्टिकच्या साध्या खुर्च्या असतात. धाकटा अजून आलेला नाही. मी आता दमलेय. आणखी किती हिवाळे तग धरीन, सांगता येत नाही. धाकट्या, धूर आवरणं माझ्या हातात नाही, म्हणून तुला एवढंच सांगते. तुझे बाबा बोट ओलं करून वारा बघतात आणि तुझी रिकामी खुर्ची धूर नसेल तिकडे नेऊन ठेवतात. वारा फिरला की पुन्हा उठतात, पुन्हा उचलतात. "अहो, बसा की आता," आई म्हणतात. ते बसत नाहीत. आणि ती हलकी खुर्ची उचलायलासुद्धा त्यांना हल्ली दोन्ही हात लागतात.