बंदचे महिने

भावाभावांच्या भांडणाला बहुतेक घरांत जमीन पुरते, नाहीतर आईबाप पुरतात. ह्या दोघांचं भांडण होतं सुईवरून. स्टेरॉइड घ्यायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी केव्हाच निकालात काढला होता. घ्यायचंच. वाद एवढाच होता, की सलग घ्यायचं की मधे मधे थांबून.

थोरला जिममध्ये शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. धाकटा त्याच जिममध्ये घाम गाळायचा. तो वयाने लहान आणि अंगाने दीडपट, त्याचं नाव रणगाडा. त्याला पहिली सुई मास्तरनेच टोचली होती, आणि ह्याची लाज वाटण्याऐवजी मास्तरला बरीच वर्षं अभिमानच होता. निदान आपण नीट शिकवलं, कुठल्या अडाण्याच्या हाती पडू दिलं नाही.

नीट म्हणजे मास्तरच्या नियमाने. काही महिने सुया, मग काही महिने पूर्ण बंद. "शरीराला उसंत द्यावी लागते," तो सांगायचा. "बैलालासुद्धा जुवातून सोडतात."

"दादा, बैल सोडला की चरून परत येतो," रणगाडा म्हणायचा. "तुझं अंग निघून जातं ते येतच नाही. मी स्पर्धा नसली की डोस उतरवतो, पण बंद नाही करत. बंद करायचं म्हणजे कमावलेलं आपल्याच हाताने मोरीत ओतायचं."

आणि ह्यात खोटं काही नव्हतं, हेच तर मास्तरचं दुखणं होतं. बाहेरून मिळत राहिल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरून जातं. बंदच्या महिन्यांत त्याला सकाळी उठवत नसे. शर्ट खांद्यावर लोंबायचा. त्याच्याकडे शिकायला येणारे आरशातून त्याचे दंड बघत, आणि मग पलीकडे भिंतीपाशी रणगाड्याचे. एकदा टॉवेल ओला निघाला म्हणून तो न्हाणीघरात बसून रडला. दारापाशी बायको उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून तिच्याही बोलण्यात मोजकेपणा आला होता.

"चालू असतोस तेव्हा ओरडतोस, बंद असतोस तेव्हा रडतोस," ती म्हणाली. "मधला माणूस कधी भेटतो ते सांग, मी त्या दिवशी रजा काढते."

तरीही तो नियमाला चिकटून राहिला. एवढं सोसतोय म्हणजे त्याचं फळ कुठेतरी जमा होत असणारच, असं त्याला मनापासून वाटायचं. धाकटा आज पुढे दिसतोय, पण शेवटी शहाणा कोण ठरतो ते बघू.

शेवट बघायची वेळ अचानक आली. एका सकाळी रणगाडा खांद्यावर बार घेऊन बैठका मारत होता. खाली गेला तो वर आलाच नाही. आजूबाजूच्यांनी धावून बार ओढला नसता तर मानच गेली असती. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "काही नाही रे, उपाशी होतो." पण ओठ निळसर पडले होते. मास्तरला मग एकेक आठवायला लागलं. जिना चढताना मधेच हा बुटाची नाडी बांधायला वाकायचा. एवढी नाडी कुणाची सुटते?

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि फार वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. भिंती जाड झाल्यात, पंप निम्म्यानेच चालतोय. मग त्यांनी मास्तरकडे पाहिलं. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही. तेच खांदे, तीच मान.

"तुम्हीही झोपा," त्या म्हणाल्या.

मास्तर ऐटीत झोपला. उलट त्याला बरंच वाटलं. आता काळ्या पडद्यावर पांढरं उमटेल, शहाणा कोण ते.

"उन्नीस-बीस," बाई म्हणाल्या. "तुमचं थोडं बरं, इतकंच."

"बाई, मी मधे बंद ठेवतो. दरवर्षी. नेमाने."

"बंद ठेवता म्हणजे किती? आधीचं अंगातून पुरतं उतरून शरीर ताळ्यावर येईपर्यंत तुम्ही पुन्हा सुरू करता." त्या रागावून बोलत नव्हत्या. दमलेल्या दिसत होत्या. "दोघंही एकाच घाटातून खाली निघालात. तुम्ही मधे पाणी प्यायला थांबलात. आता कायमचं सोडा. सोडलंत तर पंप सुधारू शकतो. दोघांचाही."

दोघं बाहेर बाकड्यावर येऊन बसले. मग रणगाड्याचे खांदे हलायला लागले. मास्तरला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"म्हणजे दादा, तू इतकी वर्षं रडलास, वहिनीच्या शिव्या खाल्ल्यास, ते सगळं फुकट? माझ्याकडे निदान स्पर्धांतल्या ढाली तरी आहेत!"

ह्या वाक्यासाठी मास्तरने त्याला कधी माफ केलं नाही. खरं होतं म्हणून तर नाहीच केलं.

मास्तरने सोडलं, आणि गोळ्या सुरू केल्या. ह्या वेळचा बंद हा शेवट नसलेला बंद होता. अंग उतरलं, पोट सुटलं, दंडावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी झाली. शिकायला येणारी तरणी पोरं गेली. गुडघे दुखणारे आणि पाठ धरलेले तेवढे राहिले. रणगाड्याने मात्र सोडायला नकार दिला. "मोठी स्पर्धा तोंडावर आहे. ती झाली की सोडतो."

त्या स्पर्धेला मास्तर वडिलांशेजारी बसला होता. वडील जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मशीनला धाकट्याचा फोटो चिकटवलेला होता. रणगाडा तेल माखून दिव्यांखाली आला, पाठ उघडली, आणि सभागृहाने श्वास रोखला. एकेक शीर दिसत होती. मास्तरला ठाऊक होतं की ह्या देखाव्याच्या आत निम्मा पंप धापा टाकतोय. त्याला भावाची काळजी वाटायला हवी होती. वाटत होता तो हेवा. त्याने हात जाकिटाच्या खिशात घातले आणि तिथेच ठेवले.

ढाल रणगाड्यालाच मिळाली. वडिलांनी डोळे पुसले आणि मास्तरच्या गुडघ्यावर थाप मारली. "तुझ्यातही होतं रे. पण तू दर वेळी मधेच सोडायचास. म्हणून मागे राहिलास."

"हो बाबा," मास्तर म्हणाला.

त्यानंतर रणगाड्याने सोडलं नाही. पुढच्या स्पर्धेनंतर सोडणार होता, मग त्याच्या पुढच्या. शेवटी सोडलं ते त्याच्या पायांनी. घोट्यांवर सूज आली, बोट दाबलं की खड्डा राहायचा. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपू लागला. जिना चढवेना, तेव्हा आईबापांनी स्वतःची खालची खोली त्याला दिली. इतका मोठा गडी, आणि पेला दोन्ही हातांनी धरायचा.

मास्तर रोज कामावरून तिकडे जायचा. त्याचा स्वतःचा पंप बराच सुधारला होता. डॉक्टरीणबाई ह्या खेपेला हसल्याही होत्या. वेळेवर सोडलंत म्हणून, त्या म्हणाल्या. हे त्याने बायकोला सांगितलं. धाकट्याला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी रणगाड्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"दादा, खरं सांग. मी तेव्हा थांबलो असतो तर? बाईंनी सांगितलं तेव्हा?"

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. डोळे तेवढे अजून स्पर्धकाचे होते, पंचाकडे बघणारे. इतक्या वर्षांचा वाद जिंकायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर तयारही होतं.

"काही फरक पडला नसता," तो म्हणाला. "माझं बघ ना. मी सोडलं, तरी जैसे थे. गोळ्यांवर ढकलतोय."

रणगाड्याचा चेहरा सैल झाला. त्याने सुजलेल्या पायांवर चादर ओढली.

"मग मीच बरोबर होतो," तो म्हणाला. "सलग घेतलं ते बरंच केलं."

"हो, तूच बरोबर होतास," मास्तर म्हणाला, आणि त्याला काखेत हात घालून पुढे ओढून त्याने पाठीमागची सरकलेली उशी नीट केली.