देव नळदुर्गात असताना

हरणाबाईनं म्हशीच्या सडांना पाणी लावलं, दोनदा ओढून पाहिलं, पण म्हैस पान्हा चोरून उभी राहिली. रेडकू सोडलं, पेंडेचं घमेलं पुढं सरकवलं, पाठीवर थापटलं, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी जेमतेम लिटरभर दूध घेऊन ती उठली.

"तुला बी कळलं का गं?" ती म्हशीला म्हणाली.

म्हशीला काही कळलं नव्हतं. हरणाबाईचे हात गार पडले होते आणि असल्या हातांना म्हैस दाद देत नाही. हात गार पडावेत असं काही मंगळवारी संध्याकाळी घडलं होतं आणि आज शनिवार होता. चार दिवस तिच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं.

मंगळवारी तात्यारावांनी आपली सगळी माणसं अंगणात गोळा केली. तात्याराव म्हणजे हरणाबाईचे चुलतदीर आणि गावच्या दूध संस्थेचे आठ वर्षांचे चेअरमन. रविवारी संस्थेची निवडणूक होती. त्यांच्या पॅनेलची निशाणी कपबशी, समोरच्यांची छत्री. गाव अणदूरपासून दोन कोसांवर, त्यामुळं खंडोबाचा धाक घरोघरी. तात्यारावांनी ताटात भंडारा आणून ठेवला आणि सांगितलं की आजच सकाळी अणदूरला जाऊन देवापुढचा उचलून आणलाय. मग एकेकानं पुढं व्हायचं, चिमूट उचलायची, म्हणायचं, शिक्का कपबशीवरच. सगळ्यांचं झाल्यावर तात्यारावांनी स्वतःही उचलला आणि येत्या उन्हाळ्यात एकाचंही जनावर चाऱ्यावाचून राहू देणार नाही असा शब्द दिला. एकसष्ट माणसं होती. मेलेल्या नवऱ्याचा शेअर नावावर झाल्यामुळं हरणाबाई त्यांतली एक. नाही म्हणायचं तिच्या मनात होतं, पण तोंड उघडेपर्यंत भंडारा बोटांत आला होता.

आणि तिला शिक्का मारायचा होता छत्रीवर.

दूध तसंच झाकून ठेवून ती फरिदाबीकडं गेली. फरिदाबी गावची मणेरीण. निम्म्या गावाच्या हातात बांगड्या तिनं भरलेल्या, त्यामुळं बायकांच्या मनातलं तिला न सांगता कळायचं. ती ओसरीवर बसून बांगड्यांचे तोडे मापाप्रमाणं दोरीत ओवत होती.

"चेहरा बघ की आरशात," फरिदाबी म्हणाली. "उपास धरलास का काय?"

हरणाबाई खाली बसली आणि मंगळवारचं सगळं सांगून मोकळी झाली. फरिदाबी ओवत ओवत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली,

"ते भंडाऱ्याचं ऱ्हाऊ दे बाजूला. तू हैस तरी कुणाची?"

हा प्रश्न हरणाबाईला पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. गावात बाकी सगळ्यांकडं याचं उत्तर तयार असायचं. तात्याराव कुठल्याही भाषणात आपण पुरोगामी विचाराचे असल्याचं आधी सांगून टाकत, मग खुर्चीवर बसत. शेजारचे धोंडप्पा म्हणत की आपण सत्याच्या बाजूचे, पण सत्य कुठल्या बाजूला आहे ते मोजणी झाल्यावर सांगत. हरणाबाईनं बराच वेळ दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मला पार्टीतलं काय कळतंय? हे व्हते तवा हे सांगायचे, म्या शिक्का मारायची. आता माझं मलाच इचारावं लागायलंय."

"मग मन काय सांगतंय?"

"एका कॅनात दूध वतावं, येवढंच सांगतंय. त्याच्या म्होरं काय बी सांगत न्हाय."

संस्थेत दोन कॅन होते. मोठा ओट्यावर, गावाचा. लहान खाली लिंबाच्या बुंध्याशी, बौद्धवाड्याचा. माप घेणारा रामकिसन ओट्यावरची रांग संपवून मग खाली उतरायचा. ट्रक आला की दोन्ही कॅन त्यात चढायचे आणि शीतकेंद्रात एकाच टाकीत रिकामे व्हायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तात्यारावांना विचारलं तर म्हणायचे, माझ्या मनात काही नाही, लोकांना चालत नाही. बौद्धवाड्यातला मच्छिंद्र दोन म्हशी पाळणारा, दहावी झालेला. दोन कॅन नकोत, एवढं एकच बोलून तो छत्रीवर उभा राहिला होता. मच्छिंद्र बनाबाईचा मुलगा, आणि रोज दूध घेऊन लिंबाखाली यायची ती बनाबाईच.

"आनि बनाबाई लिंबाखाली हुबी असती, तवा म्या तिच्याकडं बघत न्हाय," हरणाबाई म्हणाली. "धा वर्सं झाली."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर एका दुपारी ती पाटीसकट खाली पडली. गावाच्या पाण्याचा रांजण लांब होता आणि रिकामा होता. शुद्धीवर आली तेव्हा बनाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि आपला जर्मनचा तांब्या तिच्या ओठांना लावला होता. हरणाबाई अख्खा तांब्या प्याली. बनाबाईसाठी त्यात घोटभरही उरलं नाही. दोघी उठल्या, पाट्या उचलल्या, आणि त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बनाबाईनं त्याची आठवण दिली नाही, म्हणून तर हरणाबाईला जास्त लागायचं.

"आता तिच्या लेकाला एक शिक्का द्यायचा, तर माझा हात देवानं धरलाय. देव खवळला तर म्या एकटी बाई काय करू?"

फरिदाबीनं नवा तोडा घेतला.

"कुटला भंडारा म्हनलीस?"

"अणदूरचा. देवाम्होरला. मंगळवारी सकाळीच आणला म्हनं भावजींनी."

फरिदाबीचे हात थांबले. तिनं हरणाबाईकडं नीट पाहिलं, थट्टा करतेय की काय म्हणून.

"देवाम्होरला? अगं, देव कुटं हाय अणदुरात? देव नळदुर्गात हाय. म्या ह्या बांगड्या कुठल्या जत्रंसाठी वोवायले?"

हरणाबाईनं बोटांवर तिथी मोजली. पौष चालू होता. दर वर्षी मार्गशीर्षात देव अणदूरहून नळदुर्गाला जातो, पौष पौर्णिमेची जत्रा करतो, मगच परततो. तीस वर्षं या गावात काढली होती तिनं, स्वतः जत्रेला गेली होती. पण घाबरलेल्या माणसाला तिथी आठवत नाही आणि तिचं तसंच झालं होतं.

"म्हंजी त्ये ताटातलं..."

"हळद. वरणात घालायची."

हरणाबाईला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. फरिदाबीनं तिला रडू दिलं. आत जाऊन ताटलीत दोन भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. या घरी हरणाबाई चहाखेरीज कधी काही घ्यायची नाही. आज तिनं ताटली ओढून घेतली आणि चार दिवसांची भूक तिथंच बसून भागवली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तोंडात घास असतानाच तिनं तसं बोलूनही दाखवलं.

घरी जाताना मात्र एक विचार तिच्या पायात आला. देव कुठं आहे हे तात्यारावांना ठाऊक नसेल? अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं ते. नळदुर्गापर्यंत जायचा कंटाळा केला असेल, किंवा चाऱ्याचा शब्द स्वतःलाही द्यावा लागणार होता आणि तो पाळायचा नव्हता म्हणून मुद्दामच देव नसलेलं देऊळ गाठलं असेल. तिला राग आला, पण तो फार टिकला नाही. भावजींनी तिला फसवलं असेल तर आता ती त्यांचं काही देणं लागत नव्हती. संध्याकाळी म्हशीनं अडीच लिटर दूध दिलं.

रविवारी शाळेत मतदान होतं. हरणाबाईच्या पुढं रांगेत धोंडप्पा होते. मंगळवारी अंगणात त्यांनीही भंडारा उचलला होता, कपाळालासुद्धा लावला होता. दाराशी पोचल्यावर ते मागं वळले आणि उगाच विचारावं तसं म्हणाले,

"वैनी, पुनव कवा हाय वो?"

"शुक्रवारी."

"म्हंजी अजून टाइम हाय," म्हणाले आणि टोपी सारखी करून आत गेले.

हरणाबाई उंबऱ्यावर उभी राहिली आणि मंगळवारची माणसं तिला एकेक करून आठवायला लागली. भंडारा उचलताना कोण खाली बघत होतं, कोण गालातल्या गालात हसत होतं, कुणी चिमूट उचलून धोतराला पुसली होती. देव जागेवर नाही हे ठाऊक असूनही कुणी चकार शब्द काढला नव्हता. आपण एकटीच चार दिवस तळमळलो म्हणून तिला स्वतःची थोडी लाज वाटली, आणि शब्द मोडणाऱ्या आपण एकट्याच नव्हतो म्हणून त्याहून जास्त बरं वाटलं. आत जाऊन तिनं छत्रीवर शिक्का मारला. हात गरम होता.

संध्याकाळी मोजणी झाली. एकसष्ट जणांनी भंडारा उचलला होता आणि कपबशीला मतं पडली अडतीस, छत्री निवडून आली. तात्याराव शाळेच्या पायरीवर बसून राहिले. लोक देवालासुद्धा भ्यायचे राहिले नाहीत, असं ते दोन-तीनदा म्हणाले. त्यावर धोंडप्पांनी सगळ्यात मोठ्यानं सुस्कारा सोडला.

सोमवारी सकाळी हरणाबाई दूध घेऊन गेली तर लिंबाखाली काही नव्हतं. ओट्यावर एकच कॅन होता. रामकिसननं कुणाला काही समजावून सांगितलं नाही, आलेल्या क्रमानं माप घेत होता. दोन घरच्या बायका दूध न घालताच परत गेल्या. बाकीच्या उभ्या होत्या, जरा अंग चोरून, पण उभ्या होत्या. हरणाबाईच्या पुढं बनाबाई होती.

इतक्या जवळ दोघी दहा वर्षांत उभ्या राहिल्या नव्हत्या. बनाबाईचे केस मागून बरेच पिकले होते. आपण कुणाला मत दिलं ते तिला सांगावं असं हरणाबाईला फार वाटत होतं, आणि सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होईल अशी धास्तीही वाटत होती. तेवढ्यात बनाबाईच अर्धवट वळली.

"तुमी भंडारा उचलला व्हता म्हनं."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला म्हनं, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

"व्हय," हरणाबाई म्हणाली. मग घाईघाईनं म्हणाली, "पन देव नळदुर्गात व्हता. अणदुरात न्हवताच."

बनाबाईला हसू आलं. पदरानं तोंड पुसत ती जरा वेळ हसली आणि हरणाबाईही हसली, कारण गेल्या दोन दिवसांत गावातली निम्मी माणसं याच गोष्टीवर हसत होती. रांग एक पाऊल पुढं सरकली.

"आनि देव हितंच असता तर?" बनाबाईनं विचारलं.

तिनं ते सहज विचारलं होतं, पण ती उत्तराची वाट बघत होती. हरणाबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता. भंडारा म्हणजे नुसती हळद, एवढ्यावरच तिनं भाकरी खाल्ली होती. तिनं चरवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

रामकिसननं बनाबाईचं दूध मापात घेतलं आणि मोठ्या कॅनात ओतलं. ते पडल्याचा आवाज इतर दुधासारखाच झाला. मग त्यानं हरणाबाईचं ओतलं. रिकामी चरवी घेऊन ती ओट्यावरून खाली उतरली तेव्हा बनाबाई गेली नव्हती, पायरीशी थांबली होती.

"भ्याले असते," हरणाबाई म्हणाली. "लई भ्याले असते. पन तिथंच मारला असता शिक्का."

हे खरं आहे हे तिला बोलल्यावर कळलं.

बनाबाईनं मान हलवली. "चल मग," ती म्हणाली, "ऊन व्हायलंय."

तलावाच्या कामावर दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या. पुढं गावात आल्यावर ते बंद पडलं होतं. हरणाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ती तिच्या बरोबरीनं चालायला लागली.